बाराक भ्याला न्हवता

७ जुलै २०२४, रविवार. निपाणी.

आज आमच्या चर्चच्या मंडळीत माझा पहिला रविवार. जन्म इथला, बाप्तिस्मा इथला, खोड्या इथल्या, तरी परक्या गावात आल्यासारखं वाटलं. उपदेश बरा झाला म्हणायचा. मागच्या बाकावर दोघी पेंगत होत्या, पण त्या माझ्या लहानपणापासून पेंगतात, मी मनावर घेतलं नाही. दारात भेटताना निम्म्या बायका म्हणाल्या, पाळकीणबाई, लई बरं बोललासा. पाळकीण म्हणजे पाळकाची बायको! एकीला सांगितलं, मावशी, मी कुणाची बायको नाही, मीच पाळक होणार आहे. ती म्हणाली, व्हय की, मग मालक कुठं असत्यात?

अजून दीक्षा व्हायची आहे. तोवर मी डीकन. डीकननं उपदेश करायचा, आजाऱ्यांना भेटायचं आणि प्रभुभोजनाच्या वेळी प्याल्यांचा ट्रे धरून पाळकसाहेबांच्या मागनं चालायचं. भाकर मोडून आशीर्वाद द्यायचा अधिकार दीक्षेनंतर. त्यासाठी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बेळगावहून पाळकसाहेब येतात.

आज त्यांनी भाकर हातात घेतली आणि आप्पा उठले. पुढच्या बाकावर भिंतीकडेची त्यांची जागा, तिथून उठून सगळ्यांच्या देखत सरळ बाहेर. माझे वडील, या मंडळीचे जुने पंच. काल दुपारी प्रभुभोजनाच्या प्याल्यांसाठी काळे मनुके भिजवले ते यांनीच, सकाळी उकळून फडक्यातून रस गाळला तोही यांनीच. माझ्या पांढऱ्या झग्याला इस्त्रीसुद्धा त्यांनीच केली, मी केलेली त्यांना कधी पसंत पडत नाही. आणि लेक तो झगा घालून मेजाजवळ उभी राहिली की यांना बघवत नाही. कल्लाप्पा अण्णांनी, म्हणजे हल्लीच्या मुख्य पंचांनी, माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घातली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर आप्पा काय म्हणाले? "जेवलीस का?" एवढंच.

११ जुलै

दीक्षासमितीचा विषय आला. दबोरा! इतिहासात कुणी कुणी तिचा अर्थ कसा लावला, यावर निबंध लिहायचा आणि डिसेंबरात बेळगावला मुलाखत. पुरुष उमेदवारांना मोशे आणि पौल. मला दबोरा. म्हणजे आधी बाईनं बाईचा हिशेब द्यायचा. असो.

तिची गोष्ट मला आप्पांनी सांगितलेली. राजे यायच्या आधीचा काळ. खजुरीच्या झाडाखाली बसून ती न्यायनिवाडा करायची, अख्खा देश तिच्याकडे यायचा. शत्रूनं वीस वर्षं छळल्यावर तिनं बाराक नावाच्या सरदाराला बोलावून सांगितलं, देव म्हणतोय, लढायला जा. तो म्हणाला, तू बरोबर येणार असशील तर जातो, नाहीतर जात नाही. ती म्हणाली येते, पण मग मान तुला मिळणार नाही, बाईला मिळेल. गेली, आणि जिंकले.

मी दहावीत असताना आप्पांनी यावर उपदेश केलेला. अजून शब्द न् शब्द आठवतो. गडी बायकांगत झालते म्हणून देवाला बाई उठवावी लागली. बाराक भेकड. बाईच्या पदराआड लपणारा. लोक खूश. मी पुढं सेमिनरीत जायचं म्हटलं तेव्हा तोच उपदेश मला घरात परत ऐकवला, जोरात. मग दोन वर्षं बोलणं बंद. आई गेली तेव्हा तिच्या उशाशी बोललो, तेही अंत्यविधीच्या गाडीबद्दल.

आज विषय सांगितला तर म्हणाले, "दीक्षा कवा हाय तुझी?"

मी सांगितलं, मुलाखत डिसेंबरात, पास झाले तर जानेवारीच्या शेवटाला.

"लई लांब हाय की."

लांब आहे तर बरंच आहे ना तुमच्या दृष्टीनं, असं जिभेवर आलेलं गिळलं.

२३ जुलै

सेमिनरीच्या ग्रंथालयातून मित्रानं पानं स्कॅन करून पाठवलीत. मोबाइलवर वाचून डोळे चुरचुरतायत. आधी ज्यूंचे जुने गुरुजन वाचले. काही भले आहेत. एक म्हणतो, बाई असो, पुरुष असो, ज्याची जशी करणी तसा त्याच्यावर आत्मा उतरतो. वाचून बरं वाटलं. पण बाकीच्यांनी तिची पार चाळण केली. एक म्हणतो, ती झाडाखाली उघड्यावर बसायची कारण परपुरुषाबरोबर एकटीनं घरात बसणं शोभत नाही. दुसरा म्हणतो, तिची थोरवी म्हणजे ती मंदिरातल्या दिव्यांसाठी जाडजूड वाती वळायची. तिसरा म्हणतो, तिनं स्वतःला देशाची आई म्हणवून घेतलं, गर्व केला, म्हणून देवाचा संदेश द्यायची देणगी तिला सोडून गेली.

हे सगळं मालुआत्याला वाचून दाखवलं. आत्या आप्पांची धाकटी बहीण, विधवा, आई गेल्यापासून आमच्याकडेच असते. सुपात पानं-तंबाखू घेऊन विड्या वळत बसली होती. म्हणाली, आत बसली असती तर म्हटले असते, दार लावून काय करती? आणि वाती वळून मोठं होता येत असेल तर विड्या वळून मी एव्हाना बिशप व्हायला पाहिजे होते. मी एवढी हसले की आप्पांनी पलीकडून विचारलं, काय झालं. सांगितलं. ते हसले नाहीत. खोकत राहिले. तंबाखूच्या वखारीत उभी हयात गेली, तो खोकला आहेच.

४ ऑगस्ट, रविवार

परत उठून गेले! परत तेच. मनुके भिजवायचे, रस काढायचा, भाकर फडक्यात गुंडाळून स्वतः मेजावर नेऊन ठेवायची आणि वेळ आली की बाहेर.

या वेळी मी गप्प बसले नाही. जेवताना म्हटलं, आप्पा, प्रभुभोजन देवाचं आहे, माझं नाही, माझा राग त्याच्यावर कशाला काढता? ते म्हणाले, "राग न्हाय." मग काय? "तुझं तू वाच. निबंध चांगला लिही."

याला काय म्हणायचं? मी ताट तसंच टाकून उठले. आत्या आत भाकरी थापत होती, नुसता माझा चेहरा बघून म्हणाली, उगा त्याच्या मागं लागू नको. तीही त्यांचीच बहीण.

२८ ऑगस्ट

बुधवारी दुपारी बायकांचा शास्त्राभ्यास घेते, मंडळीच्या पडवीत. आठ-दहाजणी येतात. बहुतेक विड्यावाल्या, दोघी-तिघी शेतावरच्या. आज चौथ्या शतकातला इटलीतला बिशप सांगितला. त्याला विधवांसाठी उपदेश लिहायचा होता, म्हणून त्यानं दबोरेला विधवा करून टाकलं आणि बाराकाला तिचा मुलगा. शास्त्रात लिहिलंय की तिला नवरा होता, पण ते या गृहस्थाच्या सोयीचं नव्हतं. बघा म्हणे, विधवा असून कुणावर भार झाली नाही, राज्य चालवलं, पोराला सेनापती केलं.

मला वाटलं बायका चिडतील. उलट झालं. आत्या म्हणाली, चुकीचं असू दे, पण विधवेला कुणीतरी मोठं म्हटलं की गं. आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी खुणा करून ठेवल्या होत्या, इथं इथं तो चुकला म्हणून. त्या तशाच राहिल्या.

आप्पा पडवीच्या बाहेर, कठड्यावर बसलेले. दर बुधवारी असतात. पाठ आमच्याकडे. कल्लाप्पा अण्णांना जाऊन सगळं सांगत असणार, पोरगी काय शिकवते ते. बसू देत.

१८ सप्टेंबर

सुधारणेच्या काळातली माणसं वाचली. मला वाटायचं हे तरी बरे असतील. स्कॉटलंडचा एक जहाल पुढारी लिहितो, बाईनं राज्य करणं सृष्टीच्या विरुद्ध आहे. मग दबोरेचं काय? ती अपवाद, देवानं एकदाच केलेला चमत्कार, त्यावरून कुणी हक्क सांगू नये. त्याचं पुस्तक छापून वर्ष उलटायच्या आत इंग्लंडात राणी गादीवर बसली. तिच्या मिरवणुकीत लंडनच्या लोकांनी दबोरेचा देखावा उभा केला, बघा, देव बाईलाही बसवतो! ज्याला जशी गरज तशी दबोरा. पुढं तीनशे वर्षांनी उपदेश करणाऱ्या बायका तिलाच पुढं घेऊन उभ्या राहिल्या, मिशनच्या बायका तिला घेऊन आपल्या गावागावांत फिरल्या.

आणि सगळ्यात जास्त संताप कशाचा आला तर नव्या करारातल्या एका पत्राचा. तिथं जुन्या विश्वासू माणसांची भलीमोठी यादी आहे. त्यात बाराक आहे. दबोरा नाही! निवाडा तिनं केला, निरोप तिनं आणला, रणात ती गेली, आणि विश्वासवीर कोण, तर पदराआड लपणारा.

हे आज पडवीत मोठ्या आवाजात बोलले. घरी येताना आप्पा माझ्याबरोबर चालत होते. तंबाखू मार्केटच्या चढाला थांबले, दम खाल्ला आणि म्हणाले, "पर त्येचं नाव का आलं आसंल?"

मी म्हटलं, पुरुष म्हणून.

पुढं अख्खा रस्ता काठी टेकत, खाली बघत चालत होते. हल्ली चार पावलांवर थांबतात. मी त्यांना म्हटलं, रिक्षा करूया, तर नको म्हणाले.

३ ऑक्टोबर

आप्पांना बेळगावला दवाखान्यात नेलं होतं. फुफ्फुसं गेलीत. तंबाखूची धूळ, डॉक्टर म्हणाले, आता काय बदलायचं नाही, आराम पडेल एवढं बघायचं. हृदयही थकलंय. आप्पांनी विचारलं, किती दिवस? डॉक्टर म्हणाले, आजोबा, असं सांगता येत नाही. आप्पा म्हणाले, जानेवारी गावंल का? डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे.

जानेवारीत काय आहे यांचं? विचारलं नाही. विचारायची ताकद नव्हती.

बाहेर पडल्यावर हट्ट धरला, मार्केटात जायचं, काळे मनुके घ्यायचे. निपाणीत मिळत नाहीत का मनुके? इथलं बारीक आन् गोड आसत्यात म्हणे. दम लागलेला माणूस, त्याला धरून मी खडे बाजारात तीन दुकानं फिरले. प्रत्येक दुकानात एक मनुका दाताखाली धरून बघणार. चौथ्या दुकानापाशी मी चांगली ओरडले, भर रस्त्यात. ते कसनुसे हसले आणि तिथंच घेतले. वखारीत असताना तंबाखू असाच हुंगून बघायचे.

बसमध्ये संकेश्वर येईपर्यंत माझ्या खांद्यावर झोपले. किती हलके झालेत आप्पा.

६ ऑक्टोबर, रविवार

उपासना झाल्यावर पाळकसाहेब भाकर आणि प्याला घेऊन घरी आले. आजाऱ्याला घरी देतात तसं. आप्पा उठून बसले, टोपी काढली, प्रार्थनेला डोळे मिटले. पाळकसाहेबांनी भाकर पुढं केली तेव्हा हात जोडले आणि म्हणाले, साहेब, आज नको.

का? तब्येत? "तब्येत बरी हाय. आज नको, एवढंच."

पाळकसाहेब चांगले आहेत, त्यांनी भाकर परत फडक्यात गुंडाळली. पण समितीत तेच बसतात. उद्या म्हणतील, जिचा बाप तिला मानत नाही ती मंडळी काय सांभाळणार? मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले, सारखं सॉरी सॉरी म्हणत. परत आले आणि न्हाणीघरात जाऊन रडले. माझा बाप मरायला टेकलाय आणि माझ्यावरच्या रागापायी देवाच्या मेजाला पाठ करतोय. मी सेमिनरीत गेले नसते तर हे झालं नसतं. आज पहिल्यांदा असं वाटलं.

५ नोव्हेंबर

कल्लाप्पा अण्णा आप्पांना भेटायला आले. दोघं बराच वेळ कन्नडात हळूहळू बोलत होते. जाताना मला दारात म्हणाले, तेजस्वी, मुलाखत जवळ आली, सांभाळून राहा. खानापूरकडच्या एका डीकननं मरणाला टेकलेल्या म्हातारीला दया येऊन स्वतःच भाकर मोडून दिली. चूक काय, तर दीक्षा नव्हती. समितीनं त्याला मागं ठेवला तो अजून मागंच आहे. तो तर गडी होता. "तुझ्यावर सगळ्यांचे डोळे हाईत. एक पाय वाकडा पडला की म्हणतील, बाई हाय."

मला वाटायचं अण्णा माझ्या विरोधात आहेत. तसं नसावं. पण डोक्यात किडा सोडून गेले.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आप्पांना तीन दिवस ताप आहे. ऑक्सिजनचं यंत्र आणलंय, घरात सारखी घरघर. आज दुपारी आत्या औषधाला गेलेली. आप्पांनी डोळे उघडले, एकदम साफ. म्हणाले, नळी काढ जरा. काढली.

"तेजू, भाकर आन."

मला वाटलं भूक लागली. कण्या गरम करते म्हटलं. मान हलवली.

"प्रभूची भाकर. तू दे."

मी म्हटलं, आप्पा, मला अधिकार नाही, तुम्हालाच माहीत आहे की. मी पाळकसाहेबांना बोलावते, आत्ता फोन करते.

"साहेब नको. तू दिलीस तर घेतो. न्हाय तर न्हाय."

असं लहान मुलासारखं. माझं काळीज गलबललं. पण डोळ्यापुढं तो खानापूरचा डीकन. आणि वाटलं, परीक्षा बघतायत का माझी? नियम मोडला की म्हणतील, बघ, म्हणत होतो. मी त्यांचा हात धरला आणि समजावलं, की दीक्षा होऊ दे, मग पहिली तुम्हालाच देते. जानेवारी काय लांब नाही.

मग म्हणाले, "र्‍हाऊ दे. तुझं बरोबर हाय." आणि जरा वेळानं, छताकडे बघत, "बाराक भ्याला न्हवता गं. मी चुकीचं सांगितलं लोकास्नी. त्येला ठावं हुतं देव कुणासंगं हाय. म्हणून म्हणाला, तू चल."

ताप चढत होता, बोलणं कुठल्या कुठं जात होतं. मी नळी लावली. पाळकसाहेबांना फोन केला, ते गुंजीला लग्नाला गेलेत, उद्या दुपारपर्यंत येतो म्हणाले. आप्पांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटूनच मान हलवली. उद्या तरी घेतील, अशी आशा आहे.

२२ नोव्हेंबर

आप्पा गेले. सकाळी, मी चहा टाकत असताना. आत्यानं हाक मारली तोवर झालं होतं.

पाळकसाहेब दुपारी आले, पिशवीत भाकर आणि प्याला घेऊन. ते त्यांनी तसंच परत नेलं.

२६ नोव्हेंबर

लोक येऊन गेले. भाकऱ्या, भाजी, डबे. कल्लाप्पा अण्णांनी खड्ड्यात माती टाकताना कन्नडात काहीतरी म्हटलं, मला ऐकू आलं नाही.

आज आत्यानं परत सूप मांडीवर घेतलं. मी शेजारी बसले होते. सहज, खरंच सहज म्हटलं, आत्या, शेवटपर्यंत घेतलं नाही त्यांनी. माझ्यावरचा राग शेवटपर्यंत गेला नाही.

तिचा हात थांबला. "राग? कुणाचा राग?"

मग ती जे बोलली ते तसंच लिहिते. "तू इथं यायच्या आदल्या दिशी मला म्हणाला, मालू, हिनं पाळक व्हावं आशी हिच्या आईची लई विच्छा हुती. आता घेईन तर पोरीच्या हातचंच घेईन, तवर न्हाय. त्यो रुसला न्हवता गं. थांबलता. मनुकं बी तुझ्या पहिल्या भोजनाचं म्हणून आनून ठेवलंत, डब्यात हाईत वरच्या. मला वाटलं तुला ठावं हाय."

मी म्हटलं, मला का सांगितलं नाही त्यांनी?

आत्या म्हणाली, "सांगून घ्यायचं असतं व्हय त्ये?"

मी उठून मागच्या दारात गेले. तिथं किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. ते दर महिन्याला उठून जात होते आणि मी दर महिन्याला त्यांचा चेहरा वाचत होते, नीट, मोठ्या अक्कलेनं. दोन हजार वर्षांत कोण कोण कसं चुकलं ते खुणा करकरून काढलं मी. आणि तुझं बरोबर हाय म्हणाले ते मला.

८ डिसेंबर

निबंध परत काढला. छान लिहिलाय. कुठं काही कमी नाही. वाचवत नाही. शेवटचं पान फाडलं आणि नवीन लिहिलं.

मुलाखतीला जाऊच नये असंही वाटलं. आत्या म्हणाली, न जाऊन त्याचं काय भलं करणार हायस? झग्याला इस्त्री करून घे. केली. बाहीवर चुणी पडली ती निघत नाही.

१२ डिसेंबर. बेळगाव.

कॅम्पातल्या कार्यालयात पाचजण बसलेले, मधे आमचे पाळकसाहेब. प्रश्न कन्नडात आणि इंग्रजीत, उत्तर माझं मराठी धरून तिन्ही भाषांत मिसळून. एका वयस्कर सभासदांनी निबंधाचं शेवटचं पान उघडलं. म्हणाले, आधीच्या पानांवर तुम्ही सगळ्यांना झोडपलंय, की दबोरेला यादीत घेतलं नाही. आणि इथं एकदम बाराकाची बाजू घेताय. हे कसं?

मी म्हटलं, सर, तिला गाळलं हा अन्याय आहेच, तो मी मागं घेत नाही. पण बाराकाचं नाव पुरुष म्हणून आलं असं मी समजत होते. आता वाटतं, तो म्हणाला ना, तू आलीस तर जातो, नाहीतर नाही, तोच त्याचा विश्वास. देव तिच्याबरोबर आहे हे त्यानं ओळखलं आणि चारचौघांत म्हणून दाखवलं. लोक भेकड म्हणतील याची पर्वा केली नाही. तिला ओळखणारा पहिला वाचक तोच. बाकीचे सगळे त्याच्यानंतर.

"हा अर्थ कुठल्या भाष्यकाराचा?"

मी म्हटलं, घरात ऐकलेला आहे. पाळकसाहेबांनी पाण्याचा ग्लास सरकवला.

शेवटचा प्रश्न सगळ्यांना विचारतात म्हणे. डीकन असताना, पाळक जवळपास नसताना, मरणोन्मुख माणसानं तुमच्याकडे प्रभुभोजन मागितलं तर काय कराल?

पाचही जण वाट बघत होते.

"पाळकांना फोन करेन," मी म्हटलं, "आणि त्यांची वाट बघायला सांगेन."

बरोबर, वयस्कर सभासद म्हणाले, आणि कागदावर खूण केली. पास झाले.

२६ जानेवारी २०२५

दीक्षा झाली. डोक्यावर हात ठेवले. फोटो खूप काढले. आता लिहायला काही नाही.

२ फेब्रुवारी, रविवार. निपाणी.

काल दुपारी वरचा डबा काढला. मनुके धुतले, भिजवले. सकाळी उकळून रस काढला. फडकं पिळताना आत्या म्हणाली, एवढं जोरात नको, त्यो हळू पिळायचा, गाळ उतरतो. एक मनुका तोंडात टाकला. खरंच गोड होता, खडे बाजारातला. मी ओरडले होते त्यासाठी.

मंडळी भरलेली. पाळकीणबाई म्हणणाऱ्या मावशी आज मला पाळकबाई म्हणाल्या, मुद्दाम, दोनदा. भाकर हातात घेतली, मोडली, आशीर्वादाचे शब्द म्हटले. सगळे शब्द आले. लोक रांगेनं येऊन मेजासमोरच्या लाकडी कठड्याशी गुडघे टेकतात. सगळ्यांत आधी आले कल्लाप्पा अण्णा. आधी पंचांनी यायचं असा काही नियम नाही, पण आले, आणि सगळ्यांना दिसेल असे हात पुढं केले. बायकांतली एकजण घेऊन रडायलाच लागली.

कठड्याच्या टोकाला, भिंतीकडे, आप्पांची गुडघे टेकायची जागा. तिथं कुणी टेकलं नव्हतं. कुणी ठरवलं नव्हतं बहुतेक, नेहमीच्या सवयीनं रांग अलीकडेच थांबली. अण्णांपासून देत देत मी तिथवर आले. हातात तुकडा होता. देवाच्या मेजावरचं मेलेल्या माणसाच्या नावानं देत नाहीत, आमच्यात ते बसत नाही. मला नियम पाठ आहेत. जिवंत होते तेव्हाही पाठ होते.

तरी हात पुढं गेला. तिथं नुसती भिंत. चुना थोडा निघालाय, त्यांचा खांदा घासून घासून. त्यांनी म्हटलं होतं, तू दिलीस तर घेतो. बाराकाला निदान ती म्हणाली तरी होती, येते. माझ्या बापाला मी म्हटलं, जानेवारी काय लांब नाही.

हात मागं घेतला. मग पुढची रांग आली. पहिलीच मालुआत्या होती, दोन्ही तळवे एकावर एक ठेवून, बोटांवर तंबाखूचा पिवळा डाग. तिला भाकर दिली.